कमिटीला दावलेली बारव

बारवंची उत्तरंची भित फुगून तिला प्वाट आलं हुतं. पान्याला येनाऱ्या बाया हसायच्या, "साळू, तुझ्या बारवंला दीस गेल्यात गं!" मी बी वरवर हसायची, पन ध्यान भितीकडंच असायचं. ती भित आत ढासळली तर बारव बुजनार. बारव बुजली की आमची मोट बंद, आन् मोट बंद म्हंजी आमचं चार बिगं रान पुन्ना कुसळाचं. मग काय, उचला काठी आन् लागा मेंढरामागं. आमच्या आज्जेसासऱ्यानं काठी ठेवून नांगर धरला त्येला दोन पिढ्या झाल्या. आता मला मेंढरू वळाय सांगितलं तर मेंढरूच मला वळंल.

बारव म्हंजी पायऱ्यांची इहीर. चौकोनी, दगडी, एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला मोटंची धाव. कुनी बांधली ते कुनालाच ठावं न्हाई. आमच्या वाळुंजे गावातलं म्हातारं म्हनायचं, राक्षसानं एका रातीत बांधली. बांधली असंल बाबा, पन गाळ काढाय राक्षस काय येत न्हाई, त्यो आमी काढतो. गावानं आज्जेसासऱ्याला एका मोटंचं पानी दिलं आन् बदल्यात बारव राखायची बोली केली, तवापासनं ती आमच्या गळ्यात.

भितीला मधोमध भेग पडल्याली. मालकांनी तिच्यावर चिकनमातीची पोळी थापून ठेवली हुती. भित हालली का पोळी चिरायची. चैतात ती पंधरा दिसांनी चिरायची, वैशाख लागला तशी चार दिसांनी चिराय लागली. रोज बैलं जुपायच्या आदी मालक कंबरंला मोटंचा नाडा बांधून उतरायचं, आन् मी वरनं इचारायची, "चिरली का वं?"

खालनं नवी पोळी थापल्याचा आवाज यायचा. त्यावरनंच मी वळखायची.

बैलं धावंवरनं चालली का दगडाला हादरा बसायचा. म्हनून मालक कासरा आखडून धरायचं, वरात चालवावी तशी बैलं चालवायचं. पानी पाटानं पोचायला दुपार व्हायची, तवर मिरचीची रोपं मान टाकायची. दोघांचाबी जीव थाऱ्यावर न्हवता. जेवताना मधीच उठून मालक बारवंकडं जाऊन यायचं. मी म्हनायची, "आवं, घास तरी गिळा." तर म्हनायचं, "काय तरी वाजल्यागत झालं गं."

दुसरी मोठी लढाई थांबून वरीस झालं हुतं. आमच्या गावची पोरं लांब कानपूर-कलकत्त्याला सोनं गाळायच्या धंद्यात. आवंदा त्यांनी मिळून गावाला पैसं धाडलं आन् लिवलं, गावात जे जुनं हाय त्ये पडू देऊ नका, सालाला एक काम तरी करा. गावानं पाच मानसांची कमिटी केली. लोकं तिला जुन्याची कमिटी म्हनायची. आप्पासो पाटील म्होरं, लालासाहेब सुभेदार त्येंच्या शेजारी, बाकीचं तिघं मान हालवायला. मालकांनी आप्पासोच्या कानावर भितीचं घातलं, तर त्ये म्हनलं, "ज्ञानू, जो त्यो आपलंच रडगानं गातोय. वेस पडाय आलीया, देवळाची दीपमाळ कललीया. आमी डोळ्यांनी बगू, मग ठरवू."

मग एका आयतवारी सिद्धू रामोशी आला. चावडीचा सांगावा घरोघरी पोचवायचं काम त्येचं. बांधावरनंच वरडला, "ज्ञानूदा, बेस्तरवारी कमिटी येतीया रं! पयली तुमची बारव, मग दीपमाळ, मग वेस. सांच्याला चावडीत ठरनार."

माझ्या आंगात वारंच शिरलं. मालक तर सिद्धूला पानी द्यायचं बी इसरलं.

माझी सासू बयाबाई, तिला मी आत्ती म्हनायची. ती काठी टेकत टेकत बारवंच्या काठाला गेली आन् खाली बगत उभी ऱ्हायली. पायऱ्यांवर शेवाळ, कबुतरांची घान, भेगेतनं पिंपळ वर आल्याला, कोपऱ्यात कुनाचं तरी फुटकं गाडगं. आत्तीनं कपाळाला हात लावला.

"अगं साळू, पाटील आन् सुभेदार ह्या पायऱ्या उतरनार? पाय घसरला म्हंजी? गाव काय म्हनंल? बयाबाईच्या सुनंनं बारव अशी ठेवली म्हनंल!"

त्ये 'सुनंनं' माझ्या काळजात रुतलं. मी पदर खवला आन् म्हनलं, "आत्ती, बेस्तरवार लांब हाय. बगा तुमी."

सोमवारी आमी गाळ काढला. मी खाली कंबरंएवढ्या पान्यात, मालक वर. पाटी भरायची, दोराला अडकवायची, वर वढायची. दुपारपतूर माझी बोटं पान्यानं पांढरी पडली आन् मालकांच्या तळहाताची साल निघाली. मंगळवारी पायऱ्या खरवडल्या. खुरप्यानं शेवाळ काढलं, नारळाच्या काथ्यानं घासलं, राखंनं धुतलं. एकेक पायरी घासताना गुडघं सोलपटून निघालं. मालकांनी पिंपळ तोडला. मूळ काय निघंना, आतच गेल्यालं, मनगटाएवढं. त्यांनी त्ये दगडाबरूबर कापलं आन् वर माती सारवली.

बुधवारी भेग ऱ्हायली. मालकांनी नाड्याला लोंबकळून तिच्यावरच्या पोळीवरनं बोट फिरवलं. मग वर तोंड करून म्हनलं, "साळू, ही ऱ्हाऊ द्यायची का गं?"

"का?"

"काय न्हाई. उगंच."

"आवं, पाव्हनं यायच्या आदी फाटकं धोतर झाकत न्हाई व्हय कुनी? ह्ये भगदाड बघितलं तर म्हनतील, पिढ्यान्‌पिढ्या पानी खाल्लं आन् राखन कसली केली?"

त्या वक्ताला माझी अक्कल शेन खायला गेली हुती. अजून आठवलं का कानाची पाळी तापती. पन तवा मला ती भेग दिसतच न्हवती. मला दिसत हुतं गावचं तोंड.

मालकांनी पोळी काढून टाकली. भेगेत दगडाच्या कपच्या ठोकल्या. मी माती, भुसा आन् शेन तुडवून गिलावा केला, त्यो प्वाटाच्या चारी अंगाला जाड थापून भित एकसारकी केली. देवळाच्या कामातला चुना उरल्याला हुता, त्यो गुरवाकडनं मागून आनला आन् अख्खी भित पांढरी केली. चुन्यानं हाताला फोड आलं. आत्तीनं थारोळ्याला, मोट रिती व्हती त्या दगडी डोनीला, आंब्याचं तोरन बांधलं. बेस्तरवारी येरवाळी उठून मी पयल्या पायरीपास्नं शेवटच्या पायरीपतूर रांगोळी घातली. काठावर उभं ऱ्हाऊन खाली बघितलं तर खरंच सांगते, डोळं निवलं. तेवढ्या भितीत प्वाट कुटं दडलं ते माझं मलाच गावंना.

कमिटी उन्हं चढताना आली. आप्पासो छत्री घेऊन म्होरं, मागं लालासाहेब. सुभेदार म्हातारं झाल्तं पन पाठीचा कना ताठ. पयल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आल्यालं मानूस. हातात वेताची छडी. पयल्या पायरीवर पाय ठेवला आन् थबकलंच.

"वा रं गड्या!" त्ये म्हनलं. "आप्पासो, बगा. ह्येला म्हनत्यात डिशिप्लीन! आमच्या पल्टनीत साहेबाचं इन्स्पेक्शन असायचं तवा आमी बराकीम्होरचा एकेक गोटा चुन्यानं रंगवायचो. तसंच ह्ये."

आत्तीनं डोईवरचा पदर सारका केला. तिचं तोंड बगायसारकं झाल्तं. मी ताक आन् गूळ-शेंगदानं घेऊन उभी.

आप्पासो खाली उतरलं. चौफेर बघितलं. "ज्ञानू, प्वाट आलंय म्हनत हुतास न्हवं? कुटं रं?"

मालकांनी बोट केलं. सगळ्यांनी तिकडं बघितलं. पांढऱ्या धोट भितीवर ऊन पडल्यालं, दुसरं काय दिसनार? लालासाहेबांनी छडीनं टाक टाक वाजवून बघितलं. बरूबर जिथं मालकांनी कपच्या गच्च ठोकल्या हुत्या, तिथंच.

"ठनठनीत हाय की! पास!"

मालक म्हनलं, "न्हवं सुभेदार, आतनं..."

तवर आत्ती मधी पडली. "आवं, माझा ल्योक ल्हानपनापास्नं भित्रा. काय झालं न्हाई बारवंला. तुमी ताक घ्या वाईच."

तिला वाटलं, नावं ठेवत्यात. माय पोराची बाजू सावरती तशी तिनं बारवंची बाजू सावरली. आन् मी? मी भांडं भरत हुते. माझ्या ध्यानात आलं हुतं काय तरी. पन एवढं कौतुक चाललंय, त्यात आपनच म्हनायचं का, की ही सगळी रंगरंगोटी हाय? मी ताकाचं भांडं सुभेदारांम्होरं केलं.

कमिटी गेली. म्होरं काय झालं ते सिद्धूनं दुपारी सांगितलं. दीपमाळ बघितली, ती कललीया पन अजून धा वरसं मरत न्हाई असं ठरलं. मग वेशीत गेली. तिथं कुनी झाडू बी लावला न्हवता. कमानीचं दगड वाटंतच पडल्यालं, दरवाज्याची तुळई लोंबकळत्याली, आत कुत्री व्याल्याली. आप्पासोच्या छत्रीवर वरनं माती पडली. आन् सुभेदारांनी तिथं टाचा जुळवून सलाम केला. त्येंच्याबरूबर ह्याच वेशीतनं चौदा जनं लढाईला गेल्याली आन् सा जनं परत आल्याली.

मी इचारलं, "मग सिद्धूदादा, काय वाटतंय?"

सिद्धूनं माझ्याकडं बघितलं न्हाई. "सांच्याला कळंल की," म्हनला आन् गेला.

दिवेलागनीला मालक चावडीवरनं आलं. डोक्याला कोरा करकरीत गुलाबी फेटा, हातात नारळ. दारात तसंच उभं ऱ्हायलं. आत्ती आरतीचं ताट आनाय उठली. मी म्हनलं, "ह्ये काय बांधून आलाय?"

"कमिटीनं मान केला," मालक म्हनलं. "आप्पासो समद्यांम्होरं म्हनलं, ज्ञानूसारखी राखन करनारी मानसं असल्यावर बारवंला पैसं कशापायी लागतील? पैसं वेशीला."

"आन् तुमी गप बसला?"

"गप कशाला बसू? म्या म्हनलं, आतनं पोकळ हाय. तर म्हनलं, सकाळी ठनठनीत हुती, सांच्याला पोकळ झाली व्हय रं? फेटा बी पायजे, पैसं बी पायजेत? समदी हसली." त्येंनी फेटा काढला न्हाई, तसंच भितीला टेकून खाली बसलं. "मला तिथं भेग बुजवल्याचं तोंडातनं काढवंना गं, साळू. मान कराय बोलावलंय, आन् म्या म्हनू, मी फशिवलं?"

मला वाटलं, सवताच्या थोबाडात मारून घ्यावी. आपल्याच हातानं आपन आपलं मरान लिपून, वर रांगोळी घातली हुती. आत्ती ताट घेऊन आली, आमच्या तोंडाकडं बघून तिथंच थांबली. त्या राती चूल पेटली न्हाई.

सकाळी मालक उठायच्या आदी मी पहार घेतली आन् वेशीकडं निघाले. तिथं कामाचा नारळ फोडत हुते. कमिटी हुती, गवंडी हुता, अर्धं गाव हुतं. बाईमानूस पहार घेऊन येतंय म्हनल्यावर समदी बाजूला झाली. मी पदर डोळ्यापतूर वढला, कारन तोंड दाखवून बोलायचं धाडस काय मला न्हवतं.

"सुभेदार, काल तुमी बघितली ती बारव न्हवं. ती माझी लिपाई हुती."

"काय म्हनतीस पोरी?"

"तुमी येनार म्हनून आमी भेग बुजवली. चुना लावला. लाज वाटली म्हनून. पैशापायी न्हाई, लाजंपायी."

कुनी तरी फिसकन हसलं. आप्पासो म्हनलं, "बाई, नारळ फुटला. आता हितं तमाशा नगं. घरी जा."

"जाते की. पन आदी येऊन बगा."

लालासाहेबांनी छडी काखंत मारली. "चला," एवढंच म्हनलं. सुभेदार निघालं म्हनल्यावर आप्पासोला बी निघावं लागलं.

मालक तवर उठून बारवंवर आलं हुतं. त्येंनी माझ्या हातातनं पहार काढून घेतली. "तू वर हो," म्हनलं. कंबरंला नाडा बांधला, दुसरं टोक सिद्धूच्या आन् सुभेदारांच्या हातात दिलं आन् उतरलं. माझ्या चुन्यावर त्येंनी पहार घातली. पयल्या घावाला गिलावा पडला. दुसऱ्या घावाला कपच्या निसटल्या. तिसरा घाव घालायची गरजच पडली न्हाई. भितीनं आतनं सुस्कारा टाकला आन् तिचं अख्खं प्वाट खाली आलं.

धडाडधूम! दगड, माती, पिंपळाचं मूळ, समदं पान्यात. पानी काठापतूर उडालं. धुरळ्यात मालक दिसंनात. मी त्येंचं नाव घेऊन वरडले. नवऱ्याचं नाव मी जन्मात त्या एकाच येळंला घेतलं. सुभेदार टाचा रोवून मागं रेलल्यालं, सिद्धू त्येंच्या कंबरंला धरून. दोघांनी मालकांना वर वढलं. नडगी सोलून हाड दिसत हुतं, पन मानूस जित्ता हुता. मी पदराची चिंधी फाडून नडगीला बांधली.

सुभेदार खाली बगत ऱ्हायलं. भितीच्या मधोमध आता खोलीएवढं काळं भगदाड. "चूक माझी," त्ये म्हनलं. "मी छडीनं तपासली. हात लावून बगाय पायजे हुती."

मला वाटलं, झालं. आता तरी. पन आप्पासोनी छत्री मिटली आन् म्हनलं, "झालं ते झालं. वेशीचा नारळ फुटलाय, गवंड्याला सुपारी दिलीया, गावाचा शबूद म्हागारी घेता येत न्हाई. बारवंचं फुडल्या सालाला बगू. आन् तवर मोट बंद. बैलांच्या हादऱ्यानं उरल्याली भित आली तर गावाचं पानी जाईल."

खरं दावलं त्येचं ह्ये फळ. खोट्याला फेटा, खऱ्याला मोट बंद. मी सुभेदारांकडं बघितलं. त्ये छडी काखंत मारून वाटंला लागलं.

मिरची चार दिसांत जळाली. मालकांची नडगी भरून यायच्या आदीच त्ये वेशीच्या कामाला रोजावर जाऊ लागलं. लंगडत दगड उचलायचं. मी चुना मळायची. आत्ती कोपऱ्यात भिताडाकडं तोंड करून बसायची.

धा-बारा दिसांनी वेशीला घडीव दगड कमी पडला. खान लांब, गाड्या मिळंनात. गवंडी आप्पासोला म्हनला, बारवंत पडलाय की घडीव माल, आयता. झालं. सांच्याला सिद्धू आमच्या दारात.

"ज्ञानूदा, कमिटीनं ठरवलंय. बारवंचं पडल्यालं दगड वेशीला न्यायचं. नाय तरी पान्यात पडूनच हायत म्हनं. आन् तुझी बैलं बसूनच हायत, तवा तूच आन."

मालकांच्या आदी मी बोलले. सिद्धूला काय काय बोलले ते आता आठवत न्हाई, पन त्यो गरीब ऐकून घेत ऱ्हायला. उद्या दगड गेलं की बारव काय परत उभी ऱ्हातीया? फुडल्या सालाला कमिटी म्हनंल, दगडच न्हाईत, आता कशाची भित बांधायची?

"कमिटीला न्हाई म्हनायचं?" मालक म्हनलं. "गावात ऱ्हायचंय न्हवं?"

तवा कोपऱ्यातनं आत्ती बोलली. बारा दिसांत पयल्यांदा.

"ज्ञानू, मेंढरू दुसऱ्याच्या कळपात सोडायची पाळी आली तर तुझा आज्जा काय करायचा?"

मालक आईकडं बगाय लागलं.

"कान कातरायचा," आत्ती म्हनली. "आपल्या मेंढवाड्याची खून. मग मेंढरू धा गावं फिरू दे, कुनाचं ते आंधळ्याला बी हात लावून कळतंय. जा, छिन्नी काढ."

दुसऱ्या दिशी आमी पान्यातनं दगड काढलं. वर आला का मालक त्येला आडवा पाडायचं आन् वरच्या उजव्या कोपऱ्याला छिन्नीचं दोन घाव घालायचं. मेंढराच्या कानाला असती तशी बोटभर खाप. एक दगड सोडला न्हाई. आत्ती काठावर बसून एकेकावर हात फिरवून बगायची आन् मग म्हनायची, "हां, चढीव गाडीत."

वेशीत गाडी रिती झाली आन् गवंडी बोंबलला, "आरं, कोपरं मोडकं आनलंस की समदं!"

आप्पासो आलं. सुभेदार आलं. सुभेदारांनी एका दगडाच्या खापंवरनं आंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.

"ह्ये काय गं?"

ह्या टायमाला मी पदर वढला न्हाई. "कान कातरल्यात, सुभेदार. वेशीनं वापरावं, आमची ना न्हाई. पन ही मेंढरं आमच्या वाड्याची हायत."

"वेस म्हंजी काय तुमचा कळप हाय व्हय?" आप्पासो तापलं. "गवंडी, त्ये मोडकं अंग आत घाल. चुन्यात गाडून टाक. भाईर दिसता कामा नये."

गवंड्यानं थापी उचलली. लालासाहेबांनी छडी दगडावर आडवी धरली.

"भाईर," त्ये म्हनलं.

"सुभेदार, गावची शोभा जाईल."

"जाऊ दे. एकदा शोभा बघूनच पास केली न्हवं मी?" "भाईर बसीव गवंडी. समदं. रोज येताजाता माझ्या डोळ्यांत खुपाय पायजेत. कमिटीत मी हाय तवर फुडल्या सालाचं काम ह्योच कोपरा ठरवनार."

आप्पासो छत्री आपटत चावडीकडं गेलं. गवंड्यानं पयला दगड बसवला, कातरल्याला कान भाईर ठेवून. मालकांनी हळूच माझ्याकडं बघितलं. फुडल्या सालाला सुभेदार जगत्यात का, कमिटी टिकती का, कुनाला ठावं. पन माझा दगड आता कुनाला आपला म्हनता येनार न्हवता.

मी बैलं वळवली. बारवंत अजून गाडीभर मेंढरं हुती.